परत म्हणजे कुठे? : देवळीची छावणी आणि १९६२चे 'परकीय'

१९६२च्या चीन युद्धाची आपली मराठी आठवण ठरलेली आहे. हिमालयाच्या हाकेला धावलेला सह्याद्री, मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेलेले यशवंतराव चव्हाण, संरक्षण निधीत बांगड्या-मंगळसूत्रे टाकणाऱ्या बायका. थोडे वाचणाऱ्यांना ब्रिगेडियर जॉन दळवी आणि त्यांचे 'हिमालयन ब्लंडर' हे पुस्तकही आठवते. यशवंतरावांनी ज्या आठवड्यात सूत्रे हाती घेतली, त्याच आठवड्यात आसामातल्या माकुम, तिनसुकिया, शिलाँग अशा गावांमधून पोलीस चिनी वंशाच्या कुटुंबांना घराबाहेर काढत होते. ही गोष्ट मात्र आपल्या आठवणीत नाही. दार्जिलिंग-कालिंपाँगच्या पट्ट्यातही तेच चालले होते. सुतार, चांभार, दंतवैद्य, चहामळ्यांतले कारागीर, उपाहारगृहे आणि केशकर्तनालये चालवणारी ही माणसे. त्यांत म्हातारे होते, गरोदर बाया होत्या, शाळकरी पोरे होती. सुमारे तीन हजार माणसांना सात-आठ दिवसांच्या रेल्वेप्रवासाने राजस्थानातल्या देवळी या गावच्या छावणीत आणून ठेवले. खटला चालवला नाही. काही कुटुंबे तिथे चार-साडेचार वर्षे राहिली.

मी कायद्याचा पदवीधर नाही. पण या प्रकरणावर जे हाती लागेल ते गेली काही वर्षे वाचतो आहे, आणि वाचता वाचता माझे लक्ष छावणीतल्या हालांपेक्षा एका शब्दावर अडकले. तो शब्द म्हणजे 'परत'. सरकारी भाषेत या लोकांची 'मायदेशी रवानगी' करण्यात आली. ज्याचा जन्म माकुमचा, ज्याची आई खासी किंवा असमिया, ज्याने चीन कधी नकाशातही नीट पाहिला नाही, त्याला परत पाठवायचे म्हणजे कुठे? हा प्रश्न भावनेचा वाटतो, पण तो आधी कायद्याचा आहे. तो कायद्याने कसा सोडवला, किंवा खरे तर कसा टाळला, ते इथे मांडायचे आहे.

देवळीचा पूर्वेतिहास

आधी गावाविषयी. ही देवळी वर्ध्याजवळची नव्हे आणि नाशिकची देवळालीही नव्हे. राजस्थानात टोंक जिल्ह्यात, जयपूर-कोटा रस्त्यावर हे गाव आहे. इंग्रजांची ती जुनी छावणी. १९३०नंतर बंगालच्या क्रांतिकारकांना खटल्याविना डांबण्यासाठी तिचा उपयोग सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धात भारत संरक्षण नियमांखाली पकडलेले समाजवादी आणि कम्युनिस्ट तिथे आले. जयप्रकाश नारायण, श्रीपाद अमृत डांगे, बी. टी. रणदिवे, एस. व्ही. घाटे ही नावे आपल्या ओळखीची आहेत. या स्थानबद्धांनी १९४१च्या ऑक्टोबरात मोठे उपोषण केले. मध्यवर्ती कायदेमंडळाचे सभासद आणि कामगारांचे पुढारी ना. म. जोशी देवळीला जाऊन आले. उपोषणाची एक मुख्य मागणी होती, आम्हाला आमच्या प्रांतात परत पाठवा. मुंबईच्या माणसाला मुंबई इलाख्यातल्या तुरुंगात ठेवा, पंजाब्याला पंजाबात. घरच्यांना भेटता येईल आणि आपली भाषा कानावर पडेल, एवढाच अर्थ. पुढे सरकारला ते मान्य करावे लागले आणि स्थानबद्ध आपापल्या प्रांतांत गेले.

त्यानंतर त्याच बराकींत जपानी आले. युद्ध सुरू झाले तेव्हा भारतात, मलायात, सिंगापुरात राहणाऱ्या जपानी व्यापाऱ्यांना आणि त्यांच्या बायकामुलांना आधी दिल्लीच्या पुराना किल्ल्यात ठेवले होते. तिथून ते देवळीला हलवले गेले. जपान हरला हे त्यांतल्या अनेकांना खरेच वाटेना. त्यातून तंटा पेटला आणि १९४६च्या फेब्रुवारीत झालेल्या गोळीबारात काही जपानी नजरकैदी मारले गेले. उरलेल्यांची जपानला रवानगी झाली. त्यांच्याबाबतीत 'परत' या शब्दाला अर्थ होता, कारण बहुतेकांच्या खिशात जपानी पारपत्र होते.

१९६२ साली देवळीच्या फाटकातून आत आलेल्या माणसांचे काय? इथून कायद्याची गोष्ट सुरू होते.

आजोबांचा कायदा

२६ ऑक्टोबर १९६२ रोजी राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर केली. त्याच दिवशी भारत संरक्षण वटहुकूम निघाला. ३ नोव्हेंबरच्या आदेशाने, या वटहुकुमाखाली पकडलेल्यांचा राज्यघटनेच्या २१ आणि २२ या कलमांसाठी न्यायालयात दाद मागण्याचा हक्क स्थगित झाला. हे सर्वांसाठी होते. चीनधार्जिणे ठरवून पकडलेल्या कम्युनिस्टांनाही ते लागू झाले.

चिनी वंशाच्या माणसांसाठी मात्र वेगळी तरतूद झाली. आधी वटहुकूम आणि मग संसदेचा १९६२चा बेचाळिसावा कायदा. नाव रूक्ष आहे, 'परकीय नागरिकांविषयीचा कायदा (लागू करणे व दुरुस्ती) अधिनियम'. त्याचा आशय असा : जो देश भारताशी युद्ध करीत आहे किंवा भारतावर आक्रमण करीत आहे, त्या देशाचा नागरिक किंवा प्रजाजन कोणत्याही काळी जो स्वतः होता, किंवा ज्याच्या आईवडिलांपैकी एक होते, किंवा ज्याच्या आजी-आजोबांपैकी कोणीही एक होते, त्याला १९४६चा परकीय नागरिक कायदा लावता येईल.

हे वाक्य मी प्रथम वाचले तेव्हा मला हिशेब मांडून पाहावा लागला. माणसाला आजी-आजोबा चार. त्यांतले तीन आसामचे आणि एक चीनचा असेल, तरी पुरे. शिवाय 'कोणत्याही काळी'. चीनचे लोक सत्ताक गणराज्य स्थापन झाले १९४९ साली. माकुमच्या एखाद्या चाळिशीच्या सुताराचा आजोबा कँटनहून निघाला तेव्हा चीनमध्ये मांचू बादशहाचे राज्य होते. तो त्या बादशहाचा प्रजाजन. बादशाही बुडाली, प्रजासत्ताक आले, यादवी झाली, कम्युनिस्ट सत्तेवर आले आणि मग त्या सत्तेने भारतावर आक्रमण केले. या साऱ्याचा जाब आसामात जन्मलेल्या नातवाला द्यायचा होता.

आता याच्या शेजारी दुसरा कायदा ठेवा. १९५५च्या नागरिकत्व कायद्याचे तिसरे कलम तेव्हा असे होते की, २६ जानेवारी १९५० रोजी किंवा नंतर भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानेच भारताची नागरिक. अपवाद दोनच. बाप परदेशी वकिलातीतला राजनैतिक अधिकारी असेल तर, किंवा बाप शत्रुदेशाचा नागरिक असून मूल शत्रूने व्यापलेल्या प्रदेशात जन्मले असेल तर. माकुम किंवा शिलाँग शत्रूच्या ताब्यात कधीच नव्हते. म्हणजे नोव्हेंबर १९६२मध्ये देवळीला नेलेले, भारतात जन्मलेले बारा वर्षांखालचे प्रत्येक मूल कायद्याने भारतीय नागरिक होते. त्यांच्यापेक्षा मोठ्या, भारतात जन्मून इथेच वास्तव्य केलेल्या माणसांसाठी राज्यघटनेचे पाचवे कलम होतेच.

हे नागरिकत्व कोणी काढून घेतले का? नाही. नव्या कायद्याने ते काढून घेतले नाही. नागरिकाला परकीयाचा कायदा लावण्याची तेवढी सोय केली. एका कायद्याच्या पानावर तो मुलगा नागरिक राहिला आणि दुसऱ्याच्या पानावर परकीय झाला. नागरिकत्व काढून घ्यायचे तर नोटीस, कारण, सुनावणी असे काहीतरी करावे लागते. इथे त्याची गरजच उरली नाही.

परकीय ठरल्याने काय बदलत होते? १९४६च्या कायद्याच्या तिसऱ्या कलमानुसार सरकार परकीय व्यक्तीला अटकेत किंवा बंदिवासात ठेवू शकत होते. त्याला ठरावीक मुदत नव्हती. प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या कायद्यात निदान सल्लागार मंडळापुढे प्रकरण न्यावे लागते. इथे तेही नव्हते. नवव्या कलमानुसार आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याचा भार त्या व्यक्तीवरच होता. आणि देशाबाहेर घालवण्याचा सरकारचा अधिकार जवळजवळ अमर्याद आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५५ साली हान्स म्युलर खटल्यात सांगून ठेवले होते.

भारत संरक्षण नियमांचा वारसा इंग्रजांचा. पण त्या राजवटीतही न्यायालयाचे दार पूर्ण बंद नव्हते, हे इथे नोंदवले पाहिजे. मुंबई सरकारने स्थानबद्ध केलेल्या केशव तळपदे यांच्या प्रकरणात फेडरल कोर्टाने २२ एप्रिल १९४३ रोजी, ऐन महायुद्धात, स्थानबद्धतेचा सव्विसावा नियमच बेकायदा ठरवला. सरकारने थोड्याच दिवसांत नवा वटहुकूम काढून ती पळवाट बुजवली, हा भाग वेगळा. स्वतंत्र भारतातही सप्टेंबर १९६३मध्ये माखनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एक फट ठेवली : स्थानबद्धता कायद्याच्या कक्षेबाहेरची किंवा दुष्ट हेतूने केलेली असेल तर आणीबाणीतही दाद मागता येईल. तळपद्यांना वकील होते, माखनसिंगांनाही होते. आसामातून उचलून राजस्थानात टाकलेल्या सुताराला ही फट कोण दाखवणार होते?

सैनिक आणि सुतार

आंतरराष्ट्रीय कायद्याकडे पाहू. १९४९च्या चारही जिनिव्हा करारांना भारताने १९५० साली मान्यता दिली होती, आणि १९६० साली त्यासाठी स्वतंत्र कायदाही केला होता. तिसरा करार युद्धकैद्यांचा, चौथा नागरिकांचा. युद्ध रीतसर जाहीर झालेले नसले तरी हे करार लागू होतात, असे त्यांच्या दुसऱ्याच कलमात म्हटले आहे.

ब्रिगेडियर दळवी २२ ऑक्टोबर १९६२ रोजी चिन्यांच्या हाती सापडले. ते १९६३च्या मे महिन्यात भारतात परतले. सुमारे सात महिने. त्यांच्याबरोबरचे हजारो जवानही तोपर्यंत टप्प्याटप्प्याने परत आले होते. त्यांना सोसावे लागले ते थोडे नव्हते, पण त्यांचा दर्जा स्पष्ट होता. ते युद्धकैदी होते, त्यांच्या याद्या होत्या, लढाई थांबल्यावर त्यांना सोडायचे होते, आणि परत म्हणजे कुठे याविषयी कोणाच्या मनात शंका नव्हती.

चौथा करार वाचला तर देवळीच्या माणसांचा दर्जाही तितकासा धूसर नव्हता. बेचाळिसावे कलम म्हणते की, सुरक्षिततेसाठी अगदी अपरिहार्य असेल तरच परकीय नागरिकाला नजरकैदेत ठेवावे. त्रेचाळिसावे म्हणते की, त्या निर्णयाचा न्यायालयाने किंवा प्रशासकीय मंडळाने फेरविचार करावा आणि नंतर वर्षातून निदान दोनदा प्रत्येक प्रकरण तपासावे. एकशे तेहतिसावे म्हणते की, लढाई संपल्यावर शक्य तितक्या लवकर नजरकैद संपली पाहिजे. चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली ती २१ नोव्हेंबरला. आसामातली धरपकड सुरू होऊन तेव्हा जेमतेम दोन-तीन दिवस झाले होते. म्हणजे बहुतेक माणसे देवळीच्या फाटकात पोहोचली ती गोळीबार थांबल्यावर.

सरकारची बाजूही पाहिली पाहिजे. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बोमदिला पडले होते आणि तेजपूर रिकामे होत होते. अशा वेळी सीमेजवळच्या प्रत्येक अनोळखी चेहऱ्याविषयी संशय येणे मानवी आहे. कलकत्त्याच्या चिनी वस्तीत पेकिंगकडे झुकलेल्या शाळा आणि संघटना होत्या, हेही खोटे नाही. युद्धकाळात राज्याला काही माणसे काही काळ ताब्यात ठेवावी लागतात, हे जिनिव्हा करारही मान्य करतात. पण ते माणसामाणसाची तपासणी मागतात. आजोबांच्या जन्मगावावरून केलेली वर्गवारी म्हणजे तपासणी नव्हे. आणि युद्धबंदीनंतरची चार वर्षे तेजपूरच्या भीतीने समजावून देता येत नाहीत.

मद्रासची जहाजे

१९६३ साली चीन सरकारने जहाजे पाठवली. एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत मद्रास बंदरातून तीन फेऱ्या झाल्या आणि सुमारे २,४०० माणसे चीनला गेली. त्यांत देवळीचे नजरकैदी होते आणि त्यांचे बाहेर राहिलेले कुटुंबीयही होते. कागदोपत्री हे जाणे ऐच्छिक होते. राहायचे की जायचे, असे छावणीत विचारले गेले.

इथे मला 'ऐच्छिक' या शब्दाजवळ थांबावेसे वाटते. एका बाजूला काटेरी कुंपण, ज्याची मुदत कोणी सांगत नाही. घर पोलिसांनी सील केलेले, मागे राहिलेले सामान लुटले गेले किंवा लिलावात गेले, अशा बातम्या येत होत्या. ज्या शेजाऱ्यांत परत जायचे तेच आपल्याला शत्रू म्हणू लागलेले. छावणीतून गेलेल्यांपैकी अनेकांनी पुढे सांगितले आहे की, वाटेतल्या स्थानकांवर त्यांच्या गाडीवर दगड आले. दुसऱ्या बाजूला जहाज, आणि पलीकडे एक अनोळखी देश. यातून निवड करणे म्हणजे इच्छा असेल तर मग सक्ती कशाला म्हणायचे?

चीनला गेलेल्यांपैकी पुष्कळांना दक्षिणेकडच्या प्रांतांत, परदेशांतून परतलेल्या चिन्यांसाठी काढलेल्या सरकारी शेतीकेंद्रांवर पाठवण्यात आले. ज्यांच्या पिढ्या सुतारकामात आणि दुकानदारीत गेल्या त्यांच्या हाती कुदळी आल्या. तीन वर्षांत सांस्कृतिक क्रांती सुरू झाली. तिच्यात परदेशी नाते असणे हाच गुन्हा होता. भारतात ज्यांना चिनी म्हणून संशयित ठरवले, त्यांतले अनेक आता तिकडे भारतातून आलेले म्हणून संशयित ठरले.

जे गेले नाहीत ते देवळीत राहिले. छावणी टप्प्याटप्प्याने रिकामी झाली. शेवटची कुटुंबे १९६७च्या सुमारास सुटली. काही मुले तिथेच जन्मली. त्यांतल्याच एक जॉय मा. त्यांनी मुंबईचे लेखक दिलीप डिसूझा यांच्यासह २०२० साली 'द देवळीवालाज' हे पुस्तक लिहिले. जॉय मा भारतात, भारत सरकारच्या छावणीत जन्मल्या, तेव्हा नागरिकत्व कायद्याचे ते तिसरे कलम जसेच्या तसे होते.

सुटलेल्यांना घरी 'परत' जाता आले का? आसामातल्या घरी फार थोड्यांना. घरे उरली नव्हती, आणि सीमेलगतच्या भागांत परकीयांच्या वावरावर निर्बंध होते. पुष्कळांनी कलकत्ता गाठले आणि तिथे पोलीस ठाण्यात नेमाने हजेरी लावत दिवस काढले. पुढच्या पिढीने कॅनडाची वाट धरली. आज देवळीच्या आठवणी सांगणारी सर्वांत मोठी वस्ती टोरांटोत आहे.

उलटी गोष्ट

या शब्दाची उलटी बाजू आपल्या अगदी शेजारी घडली. वांग छी हा चिनी सैन्यातला सर्वेक्षक १९६३च्या जानेवारीत वाट चुकून भारताच्या हद्दीत आला. युद्ध संपलेले होते. सहा वर्षे तो निरनिराळ्या तुरुंगांत राहिला, १९६९ साली न्यायालयाच्या आदेशाने सुटला आणि त्याला बालाघाट जिल्ह्यातल्या तिरोडी या गावी आणून ठेवले. भंडारा जिल्ह्यातल्या तुमसरहून रेल्वेचा फाटा जातो तेच हे तिरोडी. त्याने पिठाच्या गिरणीत काम केले, तिथल्याच मुलीशी लग्न केले, संसार केला. त्याला परत जायचे होते, आणि कुठे जायचे ते पक्के ठाऊक होते. ती भेट घडली २०१७च्या फेब्रुवारीत, चौपन्न वर्षांनी. आई तोवर वारली होती.

ज्यांना जायचे नव्हते त्यांच्यासाठी काही महिन्यांत जहाज आले आणि ज्याला जायचे होते त्याला अर्धे शतक लागले. दोन्ही ठिकाणी कारण एकच दिसते. कायद्याने माणसाचा दर्जा ठरवलाच नाही. युद्धकैदी नाही, आरोपी नाही, नागरिक असून नागरिक नाही. दर्जा नसलेल्या माणसाविषयी काहीही ठरवता येते, आणि काहीही न ठरवता त्याला तसेच ठेवताही येते.

आता काय?

अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धात सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत ठेवले. त्यांतले बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते. १९८८ साली तिथल्या संसदेने कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला वीस हजार डॉलर दिले. त्याच वर्षी कॅनडानेही तसेच केले. देवळीबद्दल भारत सरकारने अशी माफी मागितलेली नाही. रीटा चौधुरी यांच्या 'माकाम' या असमिया कादंबरीने आणि रफीक इलियास यांच्या माहितीपटांनी या विषयाला वाचा फोडली, ती पन्नास वर्षांच्या आसपास.

आपल्याकडे १९७५च्या मिसाबंदींच्या आठवणींचे एक शेल्फ भरेल एवढी पुस्तके आहेत. येरवड्याला आणि नाशिकला ज्यांना खटल्याविना ठेवले, त्यांच्याविरुद्ध वापरलेले ३५९वे कलम १९६२ सालीच वापरून पाहिले गेले होते. तेव्हा ते ज्यांच्यावर चालले त्यांच्यासाठी बोलणारे कोणी नव्हते. १९७८च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने जीविताचा आणि स्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, असे ठरवले. ही आपली कमाई आहे. पण घटनेच्या बाविसाव्या कलमातला शत्रुदेशीयाचा अपवाद जिथल्या तिथे आहे. आणि आजोबांवरून नातवाला मोजण्याची रीतही गेलेली नाही. १९६८च्या शत्रू मालमत्ता कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, वारस भारताचा नागरिक असला तरी तो त्या मालमत्तेपुरता 'शत्रू' या व्याख्येत येतो. पूर्वज निघून गेला, वारस इथेच राहिला, आणि कायद्याने त्याला पूर्वजाबरोबर सीमेपार नेऊन बसवले.

१९४१ साली देवळीच्या स्थानबद्धांनी आम्हाला परत पाठवा म्हणून अन्न सोडले, कारण त्यांना घर होते आणि ते कुठे आहे हे त्यांना आणि सरकारलाही ठाऊक होते. १९६२च्या माणसांनाही घर होते. माकुमला होते, शिलाँगला होते. सरकारने त्यांना कुठे परत पाठवायचे हे ठरवताना त्यांच्या घराचा पत्ता पाहिला नाही, आजोबांचा पाहिला. खटल्याविना पकडलेल्या माणसाला पहिल्यांदा काय विचारायला हवे, हे मला या साऱ्या वाचनातून कळले. तू कोणाचा नातू, हे नव्हे. तू राहतोस कुठे, आणि तू काय केलेस?